निळा दिवा आणि माझा पायगुण

हौशी माणसानं कुठलीही वस्तू उघडून परत जोडली की एक स्क्रू उरतोच. वस्तू चालते, स्क्रू वाटीत पडतो. आमच्या रविवारच्या मंडळात असे उरलेले किस्से आता वाटीत मावेनात, डबा काढावा लागलाय. आणि निम्म्या किश्श्यांत बळीराम आहे. मला न विचारता!

आधी मंडळ सांगतो. नांदेडात जावेदभाईचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. देशमुख मॅडम दातांच्या डॉक्टर. बिस्किटाएवढं एक बोर्ड घ्यायचं, ते वायफायला जोडायचं आणि घरातली एखादी वस्तू मोबाइलवरून चालवायची, हा आमचा धंदा. बायकोचं म्हणणं असं की ती वस्तू आधीही चांगलीच चालत होती.

या मंडळात बोर्डाला वायफाय जोडणारा पहिला माणूस मी. हे कुणी विसरू नये म्हणून मी माझ्या कोडमध्ये बोर्डाचं नावच ‘पहिला’ असं ठेवलं होतं. नेट सापडेपर्यंत त्यावरचा निळा दिवा लुकलुकतो, सापडलं की स्थिर होतो. तो पहिल्यांदा स्थिर झाला तेव्हा मी सगळ्यांना पेढे दिले होते.

*

माझा तो पहिला कोड देशमुख मॅडमनी नेला. कोडच्या वरच नेटचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो, तो आपापला घालायचा. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नाव ‘नाद नाही’ आणि पासवर्ड बायकोच्या नावाचा, ‘सुनीता’ आणि पुढं काही आकडे.

आठवड्यानं मॅडम खूश होऊन आल्या. “सर, चाललं! कोडमध्ये कुठं काय बदलायचं ते सापडेना. मग मी घरच्या राऊटरचंच नाव बदललं!”

म्हणजे त्यांच्या घरचं वायफाय आता ‘नाद नाही’. संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांचा मोबाइल जोडला जाईना, म्हणून त्यांनी पासवर्ड विचारला.

“सुनीता.”

“ही सुनीता कोण?”

“सरांच्या मिसेस.”

“मग आपल्या घरात काय करून राहिल्यात?”

*

बळीराम आला तो एसटीनं, अहमदपूरहून. तिथं त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पिशवीत भाजक्या शेंगा, तोंडभर हसू. आल्या आल्या त्यानं सगळ्यांच्या पुढ्यात शेंगा ओतल्या आणि माझ्या पायाला हात लावला. मला तो तिथल्या तिथं आवडला. तेवढंच, एक दिवस.

मी त्याला माझा कोड दिला आणि बजावलं, “वरचं नेटचं नाव, पासवर्ड आणि बोर्डाचं नाव तेवढं तुझं घाल. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“सर, तुमच्या कोडला मी हात लावीन व्हय?” तो म्हणाला आणि पेनड्राइव्ह कपाळाला लावला.

पुढच्या रविवारी त्यानं टेबलावर बोर्ड ठेवलं, वायर खुपसली. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर!

“सर, झालं की!”

त्याच टेबलावर माझं बोर्ड सकाळपासून लुकलुकत होतं. कारण मी कोड सुधारत होतो. मी दर रविवारी कोड सुधारतो. माझा कोड सुधारत सुधारत इतका पुढं गेला होता की तो चालायचाच थांबला होता.

*

जावेदभाईच्या वायफायचा पासवर्ड दर आठवड्याला बदलतो, कारण खालचा चहावाला त्यावर क्रिकेट बघतो. त्यामुळे रविवारी आल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येकानं आपल्या कोडमध्ये नवा पासवर्ड घालायचा. मॅडमनाही एव्हाना ती जागा सापडली होती. मी लॅपटॉप त्या भानगडीत घालतच नाही. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट कायम चालू असतो. लेकीची गाणीही त्याच्यावरच चालतात, म्हणून तो आपोआप बंद होण्याची सोयसुद्धा मी काढून टाकलीय. बॅटरी दुपारीच मान टाकते, ती गोष्ट वेगळी.

एका रविवारी जावेदभाईनं पासवर्ड सांगायच्या आधीच बळीरामचा दिवा स्थिर. मॅडम बघत राहिल्या.

“बळीराम, तुला नवा पासवर्ड लागत नाही?”

“न्हाई मॅडम.”

“मग चालतं कसं?”

त्यानं माझ्याकडं बोट केलं. “सरांची कृपा!”

सगळे हसले. मी पण हसलो. आतून माझा नुसता जळफळाट चालला होता. शिष्यानं गुरूला मागं टाकावं असं म्हणतात, ते म्हणणारा माणूस गुरू नसणार.

वर आणखी त्याची एक खोड. बोर्ड चालू करायच्या आधी म्हणायचा, “सर, तुम्ही माझ्याजवळ बसा.” मला पक्कं वाटायचं की माझी फजिती जवळून बघावी म्हणून हा मला शेजारी बसवतो.

*

मग मी इरेला पेटलो. घरी नवा, महागाचा राऊटर आणला. त्यातला सगळ्यात वेगवान वायफाय चालू केला, जुना बंद. पंधरवडा गेला. माझ्या बोर्डाला तो दिसेचना. सुनीता म्हणाली, “बळीरामभाऊजींना विचारा की. त्यांचं चालतं.”

त्यांचं चालतं! माझ्या घरात, माझ्या राऊटरसमोर!

राऊटर उचलून मी जावेदभाईकडं नेला. त्यानं मोबाइलवर सेटिंग बघितलं आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं. “सर, हा राऊटर बोलून राहिला पाच गिगाहर्ट्झवर. आपल्या बोर्डाला फक्त दोन पॉइंट चार ऐकू येतं. तुम्ही बहिऱ्याम्होरं सनई वाजवून राहिले!”

*

बळीरामला मुलगी झाली. बारशाला आम्ही दोघं आणि लेक अहमदपूरला गेलो. वाटेत लेकीनं गाणी लावली होती, आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की आज तरी बोर्डाचा विषय काढायचा नाही.

बळीरामनं पाळण्यालाच बोर्ड लावलं होतं! मोबाइलवर बोट ठेवलं की पाळणा हलणार. मांडवात सगळ्या बायका पाळणा म्हणायला घसा साफ करून बसलेल्या, बाळ झोपलेलं आणि पाळणा ढिम्म. बळीराम घामाघूम. त्याची आई म्हणत होती, “अरे, हातानं हलव की! तुझ्या बापाला काय वायफायनं झोका दिला व्हता का?”

तेवढ्यात मी मांडवात पाय ठेवला. पाळणा हलला.

बायका आधी दचकल्या आणि मग टाळ्या. बळीरामची आई पुढं आली, तिनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. “सरांचा पायगुण लई चांगला!”

मी जेवायला बसलो तर पंगतीत पाळण्याचंच कौतुक. सुनीता माझ्या कानाशी आली. “किती छान केलंय हो! तुम्ही आपल्या लेकीच्या वेळी असं काही केलं नाही.”

पुरणपोळी होती. मला ती कडू लागली.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

लातूरच्या एका कॉलेजात हौशी लोकांचं प्रदर्शन भरलं. एका मंडळाला एकच टेबल. आमच्याकडून दोन गोष्टी होत्या. माझी पाणी मोजणारी टाकी आणि बळीरामची पेटी. ती सोयाबीनच्या पोत्यात ठेवली की आतली ओल मोबाइलवर कळते. मंडळानं हात वर करून निवड केली. टाकीच्या बाजूनं एक हात वर आला. तो माझा होता.

माझं नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून घातलं. पहिला माणूस मी, आणि टेबल बळीरामचं!

लॅपटॉप आणि माझं बोर्ड घरीच ठेवलं, नुसता मोबाइल घेऊन लातूरला गेलो. सकाळभर पेटी झकास चालली. गर्दी बळीरामभोवती. एका शेतकऱ्यानं मला विचारलं, “तुम्ही ह्यांच्या दुकानात कामाला हाव का?” तेव्हा मात्र मी उठलो आणि रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

बळीरामचा फोन आला.

“सर, कुठं हाव? परीक्षक मॅडम आल्यात. निळा दिवा लुकलुकून राहिला, थांबंना!”

“मग मी काय करू?”

“तुम्ही या. तुम्ही आल्याबिगर ते चालूच व्हत न्हाई. मला पहिल्यापास्नं ठाव हाय, म्हणून तर तुम्हाला जवळ बसवतो.”

चेष्टा करतो काय! मी फोन ठेवला आणि आणखी एक चहा सांगितला. खोटं कशाला बोलू, तो चहा मला फार गोड लागला. लुकलुकू दे म्हटलं. माझंही लुकलुकतं.

पण मंडळाचं नाव त्या टेबलावर होतं. चहा संपवून गेलो.

हॉलमध्ये शिरलो. परीक्षक मॅडम घड्याळाकडं बघत निघायच्या बेतात. बळीरामचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी टेबलाजवळ पोचलो आणि निळा दिवा स्थिर झाला. मोबाइलवर पोत्यातली ओल दिसायला लागली.

“बघा मॅडम!” बळीराम ओरडला. “सरांचा पायगुण!”

मॅडम चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, “विज्ञानात पायगुण नसतो. यात तुमचं नेमकं काम काय?”

मी खिशातला मोबाइल काढला आणि उगाच बघितल्यासारखं केलं. पडद्यावर वरच लिहिलं होतं. हॉटस्पॉट ‘नाद नाही’, एक वस्तू जोडलेली. मी तिच्यावर बोट ठेवलं. नाव आलं, ‘पहिला’.

कोडला हात लावीन व्हय, म्हणाला होता! खरंच लावला नव्हता, वरच्या नावाला आणि पासवर्डलाही नाही.

मॅडम बळीरामला सांगत होत्या, “पेटी चांगली आहे. पण शेवटची फेरी होईपर्यंत सलग चालली पाहिजे. आता बंद पडली तर नंबर विसरा.”

बळीराम माझ्याकडं बघत होता. माझा अंगठा हॉटस्पॉटच्या बटणावर होता. पाळणा आठवला, ती पुरणपोळी आठवली, मीच वर केलेला माझा एकटा हात आठवला. नुसता दाबायचा. कुणाला कधी कळलं नसतं.

कोपऱ्यात बॅटरीची लाल रेघ दिसत होती.

“बळीराम,” मी म्हणालो, “चार्जर आहे का रे?”