बायकांसाठी मनोरी

खाली इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवले की तो वास वर येतो आणि माझं डोकं आजही फिरतं. ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या रेल्वेवेड्या मंडळाची बैठक भरली होती, वार्षिक संमेलनाच्या सहली ठरवायला. वाफेच्या इंजिनांची शेड बघायची परवानगी मीच खेटे घालून आणली होती. ती हातात घेऊन सेक्रेटरी म्हणाले, “पुरुष शेडला जातील, बायकांसाठी मनोरीचा समुद्रकिनारा ठेवू. शेडमध्ये काजळी असते हो वहिनी, साड्या खराब होतील.” “वहिनी कुणाला म्हणता? मेंबर आहे मी! आणि काजळीचं मला सांगता? माझे वडील इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे, त्यांचे कपडे मी धुतलेत!” सेक्रेटरींनी वहीत ‘बायका – मनोरी’ असं लिहून टाकलं. शेड शेवटी पुरुषांनीच पाहिली. ती इंजिनं पुढे भंगारात गेली, आणि मनोरीला मी आजतागायत पाय ठेवलेला नाही.