पाच आठवड्यांचं सरकार आणि आमचा नंदन

फोन आला तेव्हा मी न्युरेम्बर्गच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. येना शहरातल्या हॉस्पिटलमधली नर्स फार हळू बोलत होती, मला प्रत्येक शब्द कळावा म्हणून... आणि मी आपली "या, या, गेनाऊ", हो, हो, बरोबर, करत राहिले, जणू पार्सल कधी येणार ते कुणी सांगतंय. नंदन गेला. माझा धाकटा दीर, वय एक्केचाळीस. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. त्याचे गोडवे गायला मी हे लिहीत नाहीये. मला एक कबुली द्यायची आहे.

लग्न होऊन आले तेव्हा त्याला चिडवायला मी "अहो भावोजी" म्हणायचे, ते चिकटलंच. पुण्यातली बरी नोकरी सोडून हा शहाणा पस्तिशीत येनाला इतिहासात पीएचडी करायला आला. विषय काय, तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, जर्मन सम्राट कैसर अजून गादीवर असताना इथे आलेलं आघाडी सरकार. जेमतेम पाच आठवडे टिकलं. "अहो भावोजी, पाच आठवड्यांच्या सरकारावर सहा वर्षं? त्यांनी तरी एवढा घोळ घातला नसेल!" असं म्हटलं की तो खो खो हसायचा. मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून सांगत सुटायचा... लष्करानं सगळं मुठीत ठेवलं, लोकांना विजयाच्या बाता ऐकवल्या, आणि हरल्यावर संसदेतल्या पुढाऱ्यांना म्हणाले, घ्या, आता तुमची संसद करू दे कारभार, तह तुम्हीच मागा. "वहिनी, जन्मभर ज्यासाठी भांडले ते मिळालं कधी, तर घर जळून गेल्यावर." जुनी जर्मन हस्ताक्षरं तो सरसर वाचायचा. लहानपणी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला मोडी शिकवली होती. वळणांची भीती तेव्हाच गेली, म्हणायचा.

होळीच्या सुमारास स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, काही महिने. त्या दिवशी नंदन, माझा नवरा मिलिंद आणि मी, तिघांनी येनाच्या त्याच्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं, आईंना सांगायचं नाही. त्या पुण्यात एकट्या, बायपास झालेल्या. आपल्याकडे असंच करतात ना? म्हातारं माणूस, धक्का नको. "थिसिस जमा झाला की मीच सांगतो," नंदन म्हणाला. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग दर रविवारचे ते व्हिडिओ कॉल. जुलैत त्याचा चेहरा पिवळा पडला, तेव्हा मी माझी लिपस्टिक बोटावर घेऊन त्याच्या गालांना चोळली. तो लहान मुलासारखा तोंड वर करून बसला होता. "बारीक झालास रे," आई म्हणाल्या. "अहो आई, भावोजींचं डाएट चाललंय!" मी मध्येच डोकं घालून म्हटलं. आमची बारा वर्षांची रेवा मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. कॉल बंद झाल्यावर तिनं विचारलं, "वारुम ल्यूग्ट ईअर?" खोटं का बोलता तुम्ही? मी तिच्यावर केवढ्यांदा खेकसले! नंदन टिश्यूनं गाल पुसत बसला.

सप्टेंबरात त्याला बसवेना. थिसिस अर्धाच झाला होता. एका दुपारी माझा हात धरून म्हणाला, "वहिनी, आईला बोलवा. मला ती हवीय." मग आमची पळापळ. निमंत्रणाच्या कागदासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, खेपा, मुंबईत व्हिसाची अपॉइंटमेंट. आणि आईंना तेव्हाही काय सांगितलं? लेकाला पदवी मिळणार आहे, समारंभाला या. त्या बिचाऱ्या जाऊन नवी साडी घेऊन आल्या. अपॉइंटमेंट मिळाली ती अठरा दिवसांनंतरची. नंदन अकराव्या दिवशी गेला. काय अवदसा आठवली होती मला? एका फोनचं काम होतं हो, होळीलाच.

मिलिंद पुण्याला जाऊन सांगून आला. आईंनी एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" त्यानं खरं ते सांगितलं. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच केलं.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. "नंदननं काय लिहिलंय ते वाच. मराठीत सांग." त्याचं टेबल आता आमच्याकडे आहे, बैठकीच्या खोलीत. तिथे बसून मी त्याचं पहिलं प्रकरण काढलं आणि अडखळत सांगू लागले. लष्कराचा एक अधिकारी येतो. पक्षांचे पुढारी बसलेत, कालपर्यंत त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. तो सांगतो, आपण युद्ध हरलोय, आता वेळ उरलेला नाही. कुणी पांढराफटक पडतो, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही... मी पान उलटलं.

पलीकडून आई म्हणाल्या, "त्या लोकांना निदान सांगितलं गं."