फळ्यावर नसलेलं काम

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला गोळा बांधून सोडतो ना, तो ओळंबा. धडकलेली मोटरसायकल गॅरेजच्या दारात आली की हा लांबूनच एक डोळा मिटून बघायचा आणि सांगायचा, चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकलीय की वाचलीय. नव्वद टक्के वेळा बरोबर निघायचं. पण गिऱ्हाइकाची गाडी असली की तो कधीच नुसत्या नजरेवर थांबत नसे, हेही खरं. टाकी उतरवायची, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणायची, पट्टीने अंतर मोजायचं, आणि मगच तोंड उघडायचं. "टाकी खाली आल्याशिवाय चेसीवर बोलणारा मिस्त्री नव्हे, ज्योतिषी!" हे वाक्य त्याने गल्लीभर ऐकवलेलं.

गॅरेजात एक काळा फळा होता. त्यावर खडूने कामं लिहिलेली असत: दूधवाला, ब्रेक. काचवाला, क्लच. घरच्यांची कामं मात्र फळ्यावर कधी चढत नसत. घरचंच तर आहे, होईल की हातासरशी!

त्याची धाकटी बहीण, सगळ्यांची छोटी, एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. पाठीमागे थंड डबा बांधलेली तिची मोटरसायकल दिवसाला चाळीस दारं हिंडायची, आणि पोरगी अशी चालवायची की बघणाऱ्याने बघत राहावं. गेल्या वर्षी कुत्रं आडवं आलं आणि गाडी दुभाजकावर जाऊन आदळली. छोटीला खरचटण्यावर भागलं. ओळंब्याने पुढची रिम बदलली, दोन्ही शॉकअप बदलले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "चेसी ठणठणीत आहे. घेऊन जा."

टाकी उतरवली नाही. दोरी खिळ्यालाच लटकत राहिली. त्या दिवशी फळा भरलेला होता, आणि हे काही फळ्यावर नव्हतं.

चार दिवसांनी छोटी परत आली. "दादा, गाडी डावीकडे ओढतेय रे. बघ ना एकदा."

काचवाला आणि दूधवाला तिथेच गप्पा मारत बसले होते. ओळंब्याच्या नजरेचं कौतुक चाललं होतं आणि हा मस्त फुगला होता. म्हणाला, "अगं, गाडी सरळ आहे, तुझे हातच वाकडे! आपटलीस ना, धसका घेतलायस. दुसरं काही नाही." सगळे खो खो हसले. छोटीही हसली. तिचा दादा चेसीबद्दल चुकेल, हे तिच्या डोक्यात येणार तरी कसं?

महिनाभर ती हँडल उजवीकडे रेटत गाडी चालवत राहिली. मग एकदा वळणावर थोडक्यात वाचली आणि तिने किल्ली खुंटीला टांगली ती टांगलीच. लॅबने तिला आत बसवलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. घरात कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्यात दमच राहिला नाही." आणि हा बाबा त्यावर होकाराची मान हलवायचा!

वर्षाने गाडी विकायची ठरली. एका शाळेतले मास्तर घ्यायला आले. माणूस चिकित्सक. म्हणाले, "मिस्त्री, तुमची ती दोरी लावून दाखवा, मगच घेतो." घ्या! मास्तर परके, म्हणून दोरी खिळ्यावरून उतरली.

ओळंब्याने दोरी ताणली, पट्टी लावली. दोरी आणि पुढचं चाक यांतलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं; इथे एका बाजूला एकोणीस मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला पाच. त्याने चाक सरळ केलं, पुन्हा मोजलं. एकोणीस, पाच. घाईघाईने टाकी उतरवली. हँडलचा दांडा जिथे चेसीत बसतो, त्या नळीच्या सांध्यावर रंगाला सुरकुती पडली होती, आणि सुरकुतीत वर्षभराचा जुना गंज.

त्याचे कान तापले. मास्तर फोनवर बोलत रस्त्यावर गेले होते. याने दोरी गुंडाळून खिशात घातली, चोरासारखी. म्हटलं, गुपचूप सरळ करून देऊ, कुणाला कळतंय? आणि तेवढ्यात विक्रीच्या कागदांवर सही करायला छोटी आली. गाडीपासून चार हात लांब उभी राहिली, जवळ जायचीही तिची छाती होईना. आत आलेल्या मास्तरांना म्हणाली, "निर्धास्त घ्या हो. गाडीत काही खोट नाही. दादाने स्वतः बघितलीय. मीच भित्री निघाले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. समोर काचवाला होता, तोच, त्या दिवशी हसलेला. ओळंब्याने खिशातून दोरी काढली, पुन्हा बांधली आणि पट्टी छोटीच्या हातात दिली. "मोज," म्हणाला.

तिने मोजलं. दोन्ही बाजू मोजल्या. गंजावरून बोट फिरवलं.

"मी टाकी उतरवलीच नव्हती," तो म्हणाला. "तू सांगत होतीस ते खरं होतं. मी तुला सगळ्यांसमोर हसलो. लाज वाटते गं मला."

काचवाला खाली बघू लागला. छोटी म्हणाली, "म्हणजे माझ्या हातांना काहीच झालं नव्हतं?"

"काही नाही."

"वर्षभर चिठ्ठ्या चिकटवल्या मी, दादा."

तो घाईने म्हणाला, "आत्ता करतो. सगळं बाजूला ठेवतो, तुझं आधी..."

"नको." तिने मास्तरांना हात जोडले, गाडी विकायची नाही म्हणाली, आणि खडू उचलून भावापुढे धरला. "फळ्यावर लिही. आणि बहीण म्हणून लिहू नकोस."

तो फळ्यापाशी गेला. दूधवाल्याच्या खाली जागा होती. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्याने लिहिलं: लॅबवाल्या बाई, चेसी.

"टाकी उतरवून," छोटी मागून म्हणाली. त्याने तेही लिहिलं.