बाबांची गाडी आणि परळीची राख

"रविवारी टेम्पो घेऊन येतो, भंगारवाला तयार आहे," दादा फोनवर म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं. बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी भांडून साताऱ्याहून आणली होती, बँकेने माझी परळीला बदली केली तेव्हा. कागद मात्र अजून बाबांच्याच नावावर. दादाने सही दिल्याशिवाय ती माझी होणार नव्हती.

मी एवढी कडाडले की शेवटी तो म्हणाला, "बरं. मी आल्यावर ती अंबाजोगाईचा चढ चढून दाखवू दे. तिथंच सही करतो. नाहीतर टेम्पोत."

बाबांनी गाडी शिकवली ती त्याला. मी मागच्या सीटवर बसून कुठला गिअर कधी पडतो ते पाठ करायची. तिशी उलटल्यावर क्लास लावून शिकले. त्यामुळे दुसरी कितीही चांगली गाडी असती तरी मला नको होती, हीच हवी होती. आणि हिचं काय, तर सुरू व्हायची, खोकायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. एका मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता इंजिन गेलं म्हणून सांगितलं.

माझ्या मदतीला होते दोघे, माझ्यासारखेच उपरे. पहिलीची ओळख मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळात झाली. एका संध्याकाळी हेडफोनमध्ये तिच्या बाजूने देवळाच्या भोंग्यावरची आरती ऐकू आली, आणि तीच आरती माझ्या खिडकीतूनही. "तू परळीत आहेस का?" मी विचारलं. "हो, काहून विचारून राहिली?" ती नागपूरची, इथे दवाखान्यात नर्स. खेळात तिला गोळ्या लागत होत्या आणि तिला वाचवायचं सोडून मी हसत बसले. त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही. दुसरा तिच्याच इमारतीत गच्चीवरच्या खोलीत राहणारा जळगावचा इंजिनिअर, इथल्या कोळशाच्या वीज केंद्रात कामाला. खेळायला त्याच्याकडे मोठा कॉम्प्युटर होता.

दर शनिवारी आम्ही तिथे जमायचो. त्याचं भरीत, तिचा पाटवडीचा रस्सा, माझा ठेचा. नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा आणि वर गार बिअर, यासारखं सुख नाही. बिअर पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली लपवून आणायचो. घरमालकीणबाईंनी एकदा पिशवीला हात लावला आणि म्हणाल्या, "आजची मेथी लई गार हाय." पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही.

दादाचा फोन यायच्या आधीपासूनच, तीन आठवडे आम्ही त्या इमारतीखाली व्हिडिओ बघून गाडीशी झटत होतो. प्लग दोनदा बदलले, बॅटरी बदलली, टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं. प्लग बाहेर काढावा तर काजळीने काळाकुट्ट. मी पाने-पकडी आपटायची, शिव्या घालायची. जळगावकर शांतपणे म्हणायचा, "होईल." त्याच्या त्या "होईल"चाच मला जास्त राग यायचा.

दादा यायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना खेळ लावला तर कॉम्प्युटर अडकला. जळगावकराने कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्लोअर लावला आणि राखाडी धुरळा खोलीभर उडाला. "आमच्या वीज केंद्राची राख. दर पंधरा दिवसांनी काढावी लागते, नाहीतर याचा जीव गुदमरतो."

मी तोंडातला घास तसाच धरून उठले. "गाडीचा एअर फिल्टर कुणी बघितलाय?"

कुणीच नाही. व्हिडिओवाले सांगत होते, हजारो किलोमीटरनंतर बघा. ते काय परळीत राहतात? खाली पळालो, झाकण उघडलं. फिल्टरचा कागद दिसतच नव्हता, नुसता राखेचा थर. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, "हितं दर दोन म्हैन्याला बदलावा लागतो. तुमी प्लग नेत होता, मला वाटलं फिल्टर बदललाच असंल."

त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण नवा फिल्टर आणि नवे प्लग बसवले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली ती सुरूच राहिली. नागपूरवाली भर रस्त्यात नाचली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, राखेने माखलेल्या तोंडाने.

रविवारी दादा शेजारी बसला, ते दोघे मागे. चढावर मी दुसरा गिअर टाकला, उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं, वर जाऊन थांबले. इंजिन एकदासुद्धा खोकलं नाही. दादा उतरला, टेम्पोवाल्याला फोन करून परत जा म्हणाला, आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली. कागद देताना म्हणाला, "बाबा तुलाही शिकवणार होते. मीच नको म्हणालो होतो."

संताप असा आला की कान तापले. वीस वर्षांचं भांडण जिभेवर होतं.

"बस आत," मी म्हणाले, "आणि पट्टा लाव."

उतारावर त्याने दाराची मूठ घट्ट धरली होती. मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. गाडी माझी होती आणि फार सुंदर चालली होती.