फादरचा अंगारा

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांनी दोन प्रश्न विचारले. "कशासाठी?" आणि "तिथेच का?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी दुसऱ्याचं दिलं. तिथे जागा रिकाम्या होत्या. बाकीच्या कॉलेजांनी माझं वय ऐकून मुक्त विद्यापीठाचा पत्ता सांगितला होता. इथल्या सिस्टरनी फक्त एवढंच विचारलं, "जिने चढता येतात ना?"

ठाण्यातलं हे कॉलेज चर्चच्या आवारात आहे आणि इतकं लहान आहे की एका वर्गात कुणी शिंकलं तर शेजारच्या वर्गातून "सत्य आहे" ऐकू येतं. इतिहास, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य असं सगळंच थोडंथोडं शिकवतात. माहितीपत्रकात त्याला लिबरल आर्ट्स म्हटलं आहे. माझा नवरा त्याला "कशातच धड काही नाही" असं म्हणतो. मला ती थाळी वाटली. माझ्या वयाला थाळीच बरी, एकाच भाजीने पोट भरायचे दिवस गेले.

सकाळी पोळ्या उरकून मी डोंबिवलीहून निघायचे. वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी आम्ही सगळी कळव्यापासून कल्याणपर्यंतची, सत्यनारायण आणि गणपतीवाली मंडळी. मला सगळे काकू म्हणत. मानसशास्त्राच्या सरांनीही एकदा भर वर्गात काकू म्हटलं आणि मग पूर्ण तासभर माझ्याकडे न बघता शिकवलं.

दिवसाची सुरुवात स्पीकरवरच्या प्रार्थनेने व्हायची. आम्ही उभे राहून डोळे मिटायचो आणि "आमेन" झालं की अर्धा वर्ग जोडलेले हात कपाळाला लावायचा. काही जण जागच्या जागी गिरकी घेऊन प्रदक्षिणाही उरकायचे. सिस्टर लोकांनी सुरुवातीला समजावलं असेल. मी गेले तोवर त्यांनी नाद सोडला होता.

माझ्या शेजारी दिवा स्टेशनजवळ राहणारी एक मुलगी बसायची. एकोणीस वर्षांची, हुशार, आणि आळशीपणात कुणाला हार न जाणारी. वडील घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचे, आई घरी ब्लाउज शिवायची, घरात एक आजी. बारावीच्या पुढे गेलेली घरातली ही पहिलीच. तिला पुढे मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "काकू, घरातच एवढे पेशंट आहेत, प्रॅक्टिस आपोआप होईल."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पहिले दोन तास रद्द झाले. चर्चमध्ये मिस्सा होती, राखेच्या बुधवारची. उपासाचे दिवस सुरू होतात तो दिवस. सूचना ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी होती, पण कँटीन बंद होतं आणि चर्चमध्ये पंखे होते, त्यामुळे आम्हीही जाऊन मागच्या बाकांवर बसलो. शेवटी म्हातारे फादर हातात छोटी वाटी घेऊन पुढे उभे राहिले आणि लोक रांगेने जाऊन कपाळ पुढे करायला लागले.

माझ्या शेजारणीने मला कोपराने ढोसलं. "काकू, अंगारा देतायत. चला ना, मग संपून जाईल."

आता आपल्याकडे कुणी राख लावत असेल आणि समोर रांग असेल, तर आपण काय करतो? कुठल्या देवाची, असं विचारत बसत नाही. कपाळावरची बट मागे घेतो आणि उभे राहतो. बघता बघता सगळे मागचे बाक रिकामे झाले. फादरनी समोर टिकली, गंध, कुंकू असं एकापाठोपाठ एक येताना पाहिलं. क्षणभर थांबले, मग जिथे जागा मिळेल तिथे अंगठ्याने राखेचा क्रूस काढत गेले. प्रत्येकाला काहीतरी पुटपुटत होते. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, अशा अर्थाचं.

"सकाळी सकाळी मरणाचं काय काढतात हे?" मुलगी परत येताना कुजबुजली. "आमच्या गावचा गुरव अंगारा लावताना निदान बरं होईल म्हणतो."

आणि तरीही ती परत पुढे गेली. मी ऐकत होते. "फादर, थोडा पुडीत द्या ना. घरी आजी आहे."

फादरना हे नवीन असावं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी छताकडे पाहिलं. फादरनी चिमूटभर दिला. मुलीने वहीचं पान फाडून पुडी बांधली. मग तिच्यामागे पुडीवाल्यांची वेगळी रांग लागली आणि वाटी रिकामी झाल्यावरच फादरची सुटका झाली.

मी तो क्रूस तसाच घेऊन घरी गेले. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "पूजा होती का?" मी हो म्हटलं. विषय संपला.

दिव्यात संपला नाही. मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आजीच्या फोनवरून तिचा मेसेज आला. पप्पांनी माझा फोन काढून घेतलाय, कॉलेज बंद म्हणतात, सोमवारी दाखला काढणार, आत्या स्थळ घेऊन आलीय, काकू काहीतरी करा.

काहीतरी करा म्हणजे काय, हे तिने लिहिलं नव्हतं. मी रविवारी दुपारी दिव्याला गेले.

नेमकं तेव्हाच पाणी आलं होतं. तिचे वडील लुंगी वर खोचून गॅलरीत पिंप भरत होते. मी कोण ते सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही पण त्यांच्यातल्या का?"

"मी डोंबिवलीची."

"तसं नाय. धर्माने."

"धर्मानेही डोंबिवलीचीच समजा. आमच्याकडे गणपती असतात दीड दिवसांचे."

ते हसले नाहीत. पाइप दुसऱ्या पिंपात घालायचा होता आणि झाकण उघडायला हात मोकळा नव्हता, म्हणून पाइप माझ्या हातात दिला. पुढचं सगळं बोलणं मी पाइप धरून केलं.

"स्टेशनपासून घरापर्यंत पोरगी कपाळावर क्रॉस मिरवत आली. अख्ख्या बिल्डिंगने बघितली. खालचा दुकानदार मला विचारतो, बाटवली का पोरीला?"

"भाऊ, माझ्याही कपाळावर तेच होतं."

"तुमचं वेगळं. तुमचं लग्न झालंय."

म्हणजे खरी अडचण ही होती. देव कुठला याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. बघायला येणारे काय म्हणतील, याची होती. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती, रडून नाक लाल झालेलं. तिच्या मागे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. आईने बाजू घ्यायची नाही असं ठरवलं होतं, किंवा ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता.

"तिचं डोकं चांगलं आहे," मी म्हटलं. "इतिहासात वर्गात पहिली आहे."

"इतिहासाने काय लिफ्ट चालू होते?"

"नाही होत. पण आत्याने आणलेल्या स्थळाने होते का?"

आतून मशीन थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

एवढ्यात पलंगावरून आजी बोलल्या. "कसलो होतो तो अंगारो? गुण येता माका."

वडील वळले. "कुठला अंगारा, आई?"

आजींनी शांतपणे साडी वर करून गुडघा दाखवला. त्यावर राखाडी पट्टा होता. मग नातीकडे बोट केलं. "चेडवान आणलेलो तो. रोज लावतंय. काल संडासापर्यंत काठी लागाक नाय."

मुलीने डोळे मिटून घेतले. तिचे पप्पा देव्हाऱ्यापाशी गेले. कुलदैवताच्या टाकाशेजारी वहीच्या पानाची पुडी होती, वर हळदकुंकू वाहिलेलं. ती उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. देव्हाऱ्यात बसलेली वस्तू आपण उचलून फेकत नाही. ते कोकणातले, मीही कोकणातली. आम्ही दोघं त्या पुडीकडे बघत उभे राहिलो. माझ्या हातातल्या पाइपचं पाणी पिंपाबाहेर वाहायला लागलं, तेव्हा ते खेकसले, "अहो ताई, पाणी!"

मॅडमची ताई झाले, हे मी लक्षात ठेवलं. जाताना ते म्हणाले, "उद्या येतो मी. बघतो काय ते. नाय पटलं तर दाखला घेणार, सांगून ठेवतो."

सोमवारी सकाळी मी प्रिन्सिपॉल सिस्टरना गाठून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "जरा गोड बोला." सिस्टर वसईकडच्या. त्यांनी मान डोलावली. नंतर कळलं की त्यांचं मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं एवढंच.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीला घेऊन ऑफिसात आले. मी दाराशी. ते तोंड उघडणार तोच सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी हिची अंतर्गत परीक्षा होती. कुठे होती ही?"

"घरी होती. मीच..."

"तुम्हीच? मग पेपर तुम्ही देणार का? परत घ्यायला मला त्या सरांच्या मागे लागावं लागेल. ते आधीच कुरकुरे आहेत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले.

"सिस्टर, मी साधा माणूस आहे," ते म्हणाले. "सरळ विचारतो. पोरीला ख्रिश्चन नाय ना करणार?"

"हिला?" सिस्टरनी मुलीकडे बोट केलं. "लायब्ररीचं पुस्तक गणपतीत नेलंय, अजून परत नाही. सकाळच्या प्रार्थनेत ही डोळे मिटते ते झोपायला. आमच्या धर्मात आल्यावर दर रविवारी पहाटे उठावं लागतं. ही येईल?"

वडिलांनी मुलीकडे वळून पाहिलं. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या घरातली खरी परिस्थिती सांगत होतं.

"ती रविवारी दहाला उठते," ते म्हणाले.

"तेच."

"पण मग राख लावू का दिली? थांबवायचं ना तुम्ही."

सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. "थांबवायला हवं होतं की नाही, मी विचार करतेय. थांबवलं असतं तर पोरी म्हणाल्या असत्या, आम्हाला वेगळं काढलं. आणि मागायला आलेल्याला देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? तुम्ही म्हणता का?"

"नाय," ते म्हणाले. मुलगी ओढणीचं टोक चावत होती. तिचं एम.ए., तिचे पेशंट, सगळं त्या टेबलावर पडलेलं होतं. तिला तसं गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"ठीक आहे," वडील शेवटी म्हणाले. "आत्याला सांगतो, परीक्षा आहे म्हणून. पण एक आहे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या ताई रोज हिच्या बाजूला बसणार. ताई आहेत तोवर ही आहे. ताई आल्या नाहीत त्या दिवशी हिनेही यायचं नाही. चालेल?"

सिस्टरनी मला विचारलं नाही. "चालेल," त्या म्हणाल्या, आणि सहीसाठी पुढचा कागद ओढला.

वडील गेले. आम्ही दोघी वर्गाकडे चाललो. जिन्यात मुलीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मला बिलगेल की काय अशी भीती वाटली म्हणून मी पर्स मध्ये धरली.

"काकू, म्हणजे आता तुम्हाला रोज यावं लागणार?"

"हो."

"गुडघे दुखले तरी?"

"तरी."

"तत्त्वज्ञानाला पण?"

"तत्त्वज्ञानाला पण. आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासालाही."

ती पायरीवर थांबली. शुक्रवारचा शेवटचा तास आजवर आम्ही दोघींनी एकदाही केला नव्हता. ती स्टेशनजवळ मोमो खायला जायची आणि मी भाजी घ्यायला.

"पप्पांनी हे जरा जास्तच केलं," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटतंय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी तोंड पाडून वर्गात शिरलो.