हरसूलला माझ्या आधी कोण गेलं?

अमानवीय वगैरे प्रकारांची मी आजवर फक्त टिंगलच केलीये. नाशिकच्या एका दैनिकात वार्ताहर आहे, दोन-तीन 'चमत्कारी' बाबांची पोलखोल माझ्याच हातून झालीये. त्यामुळे हे वाचून कुणी 'काहीतरीच हं' म्हणालं तर मला राग येणार नाही. मीही तेच म्हणालो असतो.

रज्जाक आमच्या पेपरचा फोटोग्राफर. जिल्हाभर आम्ही एकाच मोटारसायकलवर हिंडलो. सुट्टीच्या दुपारी दोघांचा एकच नाद - पत्रकारांवरचे थ्रिलर सिनेमे. हिरॉईन पेन ड्राइव्ह घेऊन गच्चीवरून उड्या मारतेय, मागे गुंड, आणि सकाळी पहिल्या पानावर बातमी... की रज्जाक भर हॉलमध्ये मोठ्यानं बोलणारच, "अगं बाई, दुसऱ्या पार्टीला विचारलंस का?" पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे आणि मी खुर्चीत खाली सरकायचो.

एका वाक्याची त्याला भयंकर चीड होती. ज्याच्यावर आरोप आहेत त्याचा फोन लागला नाही, की बातमीच्या शेवटी आम्ही टाकतो - 'त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.' झालं काम. रज्जाक म्हणायचा, "म्हणजे साहेब एसीतून उठले नाहीत. चल यार, काढ गाडी."

मागच्या वर्षी तो हार्ट अटॅकनं गेला. मी स्वतः त्याच्या कबरीत माती टाकलीये, हे मुद्दाम लिहितोय. माझी बायको आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. ऑफिसातली पोरं चांगली आहेत, पण कानात हेडफोन घालून बसतात. नाशिकरोडच्या फ्लॅटवर गेलो की टीव्ही लावायचा, तेवढाच माणसांचा आवाज.

या हिवाळ्यात हरसूलकडच्या एका खासगी वसतिगृहाच्या अधीक्षकाविरुद्ध तक्रार आली. मुलांची ब्लँकेटं त्यानं विकली म्हणे. सोबत फोटो - अधीक्षक स्वतः पिकअपमध्ये गठ्ठे चढवतोय. त्याला फोन लावला तर बंद. त्या भागात रेंजची बोंबच असते. मी नेहमीचं वाक्य टाकलं आणि बातमी डेस्कला दिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर जाणार होती, नावासकट. मग कॉलेज रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बसलो. दुपारचा शो, फोन बंद. कुठे चाललोय हे कुणाला सांगितलं नाही, सांगायला कुणी नव्हतंच.

सिनेमा आमच्या पठडीतलाच. हिरॉईननं रात्रभर बातमी टाईप केली, संगीत टिपेला गेलं... आणि मी वाट बघायला लागलो. शेजारून ते वाक्य येईल म्हणून. खरंच सांगतो, चांगली पाच मिनिटं वाट बघितली. कुणी काही बोललं नाही. तो सुनेपणा मला सहन होईना. इंटरव्हलला उठलो आणि कार काढली ती गिरणारे, वाघेरा घाट, थेट हरसूल.

वसतिगृहाच्या ओट्यावर अधीक्षकाची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी पेपरमधून आलोय म्हटल्यावर ती घाबरेल असं वाटलं होतं. ती नुसती हसली.

"या दादा, तुमचीच वाट बघत व्हतो. ते दुसरे साहेब सांगून गेले ना."

"कोण दुसरे?"

"कॅमेरावाले. मघाशीच येऊन गेले. यांच्यासंगं लय बोलले. खुर्ची दिली तर नको म्हणले, भुईवरच बसले. म्हणले, माझा जोडीदार पिक्चरला बसलाय, मधीच उठून येईल. आला की त्याला पाड्यावर न्या."

रज्जाक कुणाच्याही घरी गेला तरी जमिनीवरच बसायचा. मी मोबाईलमधला त्याचा फोटो काढून तिच्यापुढे धरला.

"हेच की," ती म्हणाली. "आजारी हायेत का वो? पाणी पण नाय घेतलं."

तेवढ्यात अधीक्षक बाहेर आला. पस्तिशीचा, बारीकसा माणूस. त्यानं मला मागच्या पाड्यावर नेलं. वादळी वाऱ्यात तिथल्या घरांचे पत्रे उडाले होते. म्हातारी माणसं दिवसाउजेडी ब्लँकेटं पांघरून बसली होती, वसतिगृहाचीच.

"पोरांना नवी आली, सर. जुनी इथं वाटली," तो म्हणाला. "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला कोणीच नाय आलं. आज पहिल्यांदा ते साहेब आले, आन् आता तुम्ही."

मी टेकाडावर धावत चढलो, रेंज मिळवली आणि डेस्कला ओरडून सांगितलं, "ती बातमी काढ! आत्ता काढ!" ती छापून आली असती तर त्याची नोकरी गेली असती, आणि बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. खुलासा आम्ही नंतर आतल्या पानावर छापला असता, चार ओळींचा.

नंतर मी सगळीकडे चौकशी केली. आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. बाकीच्या पेपरवाल्यांना विचारलं, यूट्यूब चॅनेलवाल्या पोरांनाही विचारलं, कुणाला त्या तक्रारीचा पत्ताच नव्हता. अधीक्षक म्हणतो, त्या साहेबांनी फोटोही काढले. ते फोटो कधी कुठे आले नाहीत.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, भीती नाही वाटली?" भीती नाही, राग आला. वर्षभर मी एकटा जेवतोय, एकटा सिनेमाला जातोय, आणि हा पठ्ठ्या अनोळखी माणसाच्या घरी मांडी घालून गप्पा मारून गेला! परत येताना घाटात गाडी कडेला लावली आणि त्याला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

त्या दुपारी तिथे कोण आलं होतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. जो कोणी होता, तो मला 'जोडीदार' म्हणाला, आणि मी पोचेपर्यंत काही थांबला नाही.