मयताचं कार्ड

मयताचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, उंबऱ्याबाहेर जाऊन फाडायचं आणि हात धुऊन आत यायचं. आमच्याकडे हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. याच शहाणपणापायी माझा दादा परक्या तुरुंगाच्या दारापर्यंत गेला, आणि त्याचा राग मला अजून आहे.

दादा सिलोनात होता. जळगावच्या एका मारवाडी शेठची तिकडे डाळ-मिरचीची पेढी होती, तिथं तो मुनीम. नाना, म्हणजे आमचे वडील, वारले तेव्हा तिकडे तरुणांचा उठाव पेटला होता, संचारबंदी होती. रीतसर कागद काढत बसला असता तर तेरावंसुद्धा हुकलं असतं. म्हणून तो कोळ्याच्या होडीतून चोरून रामेश्वरला उतरला आणि पाचव्या दिवशी पिंप्राळ्याला घरी पोचला. ओट्यावर बसून सगळ्या सोयऱ्यांना कार्डं त्यानंच लिहिली. मी ती त्याच दिवशी पोस्टात टाकली. तेरावं झाल्यावर पासपोर्ट आणि सामान आणायला तो तसाच होडीनं परत गेला आणि महिन्याभरानं शिक्का मारून घेऊन कायमचा आला.

पुढच्या वर्षी तो धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना पोलिसांनी त्याला उचललं. सिलोन सरकारनं त्याला मागितलं होतं. उठावात एका पोलीस चौकीवर बॉम्ब पडले, ते टाकणाऱ्यांत हा होता म्हणे. ते बॉम्ब पडले त्याच दिवशी दादा आमच्या ओट्यावर कार्डं लिहीत होता. पण पासपोर्ट सांगत होता की माणूस तेव्हा सिलोनातच होता.

वकील भला होता. म्हणाला, "दोन्ही देश लोकशाहीचे, शेजारचे. त्यांनी मागितला की आपण देणार. पुराव्यात दम आहे की नाही, एवढंच आधी इथला मॅजिस्ट्रेट बघणार." शेजारणीनं वाटीभर साखर मागावी आणि आपण ती द्यावी, तसा माझा भाऊ जाणार होता. साक्षीला निम्मं पिंप्राळा तयार होतं. वकिलानं मान हलवली. सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडी साक्षीला वजन नाही, दादाच्या हातचं, पोस्टाचा शिक्का असलेलं काहीतरी आणा, असं त्यानं बजावलं.

मी शाळेत शिकवत होते. बिनपगारी रजा टाकली आणि एसटीनं गावोगाव फिरले. एरंडोल, पारोळा, अमळनेर. जिथं जावं तिथं एकच उत्तर, "अगं, ते कोणी ठेवतं का?" एका चुलत सासूनं तर अभद्र विचारलं म्हणून पाण्यालाही विचारलं नाही. रावेरला केळीचा व्यापार करणारे एक मामा होते. आलेलं प्रत्येक पत्र ते तारेला टोचून ठेवत. त्यांनी अख्खी तार माझ्यापुढं उपसली. लग्नाच्या पत्रिका होत्या, ट्रकवाल्यांच्या चिठ्ठ्या होत्या, फक्त नानांचं कार्ड नव्हतं. इतके आज्ञाधारक लोक मी दुसरे पाहिले नाहीत. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

तुरुंगात दादा म्हणाला, "तिकडे गेलो तर माझं कार्ड तुम्हाला लिहिणार कोण?"

उरली फुई, नानांची बहीण. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एकटीच राहायची, विधवा. दहा वर्षांपूर्वी एका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिला माहेरी आणायला आमच्याकडून मुराळी गेला नाही, तेव्हापासूनचा रुसवा. नाना गेले तरी ती आली नाही, म्हणून आईनं तिचं नाव टाकलं होतं.

मला बघून ती दारातच हसली. "आखाजीले बलावाले उनी का? मना भाऊ कसा शे?"

नाना गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. तिनं देवघरातून एक कार्ड काढलं. कडेला हळदकुंकू लागलेलं, अक्षर दादाचं. "भाऊनं पत्र उनं ना. मास्तरनी वाचं, बठ्ठा खुशाल शेतस म्हने. देवजोडे ठेवं मी."

फुईला वाचता येत नव्हतं. कार्ड आलं तेव्हा एकटी बाई, त्यात अंगात ताप. खरं सांगायचा गावच्या मास्तरांना धीर झाला नव्हता, हे मला नंतर कळलं. मला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण सांगितलं असतं तर तिनं आधी कार्ड फाडलं असतं आणि मग रडली असती.

"बरा शेतस," मी म्हणाले.

ज्याला पत्र आलं त्यानंच ते कोर्टात हजर करायचं, असं वकील म्हणाला. नुसतं दाखवायचं, वाचायचं नाही, असंही म्हणाला. साक्ष झाली की बाहेर नेऊन सांगू, असं मी मनाशी ठरवलं. दादाला सोडवायला कार्ड दाखवायचंय एवढंच तिला सांगितलं, आणि फुई नवं लुगडं नेसून धुळ्याला आली. "कोर्टमा भाऊ भेटीन ना?" तिनं वाटेत दोनदा विचारलं.

मॅजिस्ट्रेटनं कार्ड वाचायला सांगितलं. कारकुनानं खणखणीत आवाजात वाचलं, "आमच्या वडिलांना देवाज्ञा झाली." मग कार्ड तिच्या हातात देऊन विचारलं, "हेच का ते?"

तिनं कारकुनाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं," ती म्हणाली. तिनं कार्डाचे चार तुकडे केले, कोणी अडवायच्या आत पिंजऱ्यातून उतरून व्हरांड्यात गेली, तुकडे टाकले आणि हात धुवायला पाणी शोधू लागली.

मी तिला धरायला हवं होतं. मी गुडघ्यावर बसून तुकडे वेचत होते.

ते तुकडे चिकटवले, शिक्का जुळला, तारीख निघाली. काही महिन्यांनी दादा सुटला. पुढं दर आखाजीला तोच मुराळी होऊन फुईला आणायचा. ती यायची, आईशी बोलायची, पोरींच्या झोक्यापाशी बसायची. माझ्याशी ती शेवटपर्यंत बोलली नाही.

ती गेल्याचं कार्ड त्याच मास्तरांच्या अक्षरात आलं. दादानं वाचलं आणि फाडायला माझ्या हातात दिलं. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे.